एकोणतीस वर्षं मातीत राहिलेला डोळा

मागच्या मंगळवारी नेरूळच्या काकांना डोळा देऊन आले. एरवी पेशंट माझ्याकडे नौपाड्यात येतात. पण काका आता अठ्ठ्याहत्तरचे झालेत, गुडघे धरतात, ठाणे स्टेशनचा जिना त्यांना झेपत नाही. म्हणून या वेळी मीच डबीत डोळा आणि पर्समध्ये पॉलिशचं फडकं टाकून पनवेल गाडीत बसले. ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्टेशनं जात होती आणि मी दर पाच मिनिटांनी पर्समधली डबी चाचपत होते. सव्वीस वर्षं हे काम करतेय, तरी डोळा पेशंटच्या खोबणीत बसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी कृत्रिम डोळे बनवते. मूळची मी दातांच्या लॅबमधली, कवळ्या करायचे. कवळीचं अॅक्रिलिक आणि डोळ्याचं अॅक्रिलिक एकाच जातीचं, म्हणून हात लवकर वळला. माझ्याकडे येणाऱ्यांत वागळे इस्टेटमधले ग्राइंडरवर काम करणारे असतात, तुर्भ्याकडच्या कारखान्यांतले असतात, दिवाळीत फटाका लागलेली मुलं असतात, कॅन्सरमुळे डोळा काढावा लागलेली अगदी दोन-तीन वर्षांची बाळंही असतात. पण आज लिहितेय ते एका बल्गेरियन कवीबद्दल. त्याचं नाव गेओ मिलेव्ह. काकांमुळे तो माझ्या टेबलापर्यंत आला आणि आता काही केल्या उठून जात नाही.

काका मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. १९८४ साली त्यांचं जहाज काळ्या समुद्रावर वार्ना बंदराला लागलं होतं. गंज ठोकून काढायचं काम चाललं होतं. काका नुसते बघायला उभे होते, गॉगल कपाळावर सरकवलेला. एक कपची उडाली आणि थेट उजव्या डोळ्यात घुसली. वार्नाच्या इस्पितळात डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण डोळा काढावा लागला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे शाळामास्तर होते. त्यांना दहा-बारा इंग्रजी शब्द यायचे, काकांना बल्गेरियन शून्य. पट्टी बांधलेला, घरापासून हजारो मैल लांब पडलेला, भिंतीकडे तोंड करून झोपणारा हा पोरगा मास्तरांना बघवेना. एके दिवशी त्यांनी उशाखालून एक पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि काकांच्या हातात दिलं. पानावर एका तरुणाचा फोटो होता. कपाळावरून केसांची दाट झुलपं उजव्या बाजूला खाली सोडलेली, अर्धा चेहरा झाकलेला. मास्तरांनी त्या झाकलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं, मग काकांच्या पट्टीवर, आणि म्हणाले, "पोएट. ग्रेट पोएट."

डिस्चार्जच्या दिवशी मास्तरांनी ते पुस्तक काकांना देऊन टाकलं. काकांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. चाळीस वर्षं ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पासपोर्टच्या शेजारी आहे.

दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे डोळ्याला पॉलिश करायला आले तेव्हा पिशवी घेऊनच आले. म्हणाले, "ताई, हे बघ. याच्यामुळे मी तेव्हा जगलो." मी फोटो पाहिला आणि ते केस पाहून मला धस्स झालं. ती केसांची ठेवण मला चांगली ठाऊक आहे. पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटपैकी निम्मे तरी तसेच येतात. मुली वेणी एका बाजूला घेतात, मुलगे झुलपं वाढवतात, बायका पदर ओढतात. खुर्चीत बसल्यावर केस मागे घ्यायला मी कधीच सांगत नाही. ते आपणहून घेतात, कधी पहिल्या दिवशी, कधी तिसऱ्या.

त्या रात्रीपासून मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. इंग्रजीतूनच वाचलं, दुसरा मार्ग नव्हता.

त्याचं पाळण्यातलं नाव गेओर्गी मिल्योव्ह कासाबोव्ह. मधलं नाव वडिलांचं, अगदी आपल्यासारखं. त्याने आडनाव सोडलं आणि ते वडिलांचं नाव धरून गेओ मिलेव्ह झाला. जन्म १८९५चा. वडील मिल्यो कासाबोव्ह आधी शिक्षक होते, मग स्तारा झागोरा या गावी त्यांनी पुस्तकांचं दुकान काढलं, प्रकाशनही केलं. पोरगा पुस्तकांच्या गठ्ठ्यांत वाढला. चित्रं काढायचा, लहानपणी हातानं लिहून मासिकं काढायचा. राजधानी सोफियात थोडं शिकून १९१२ मध्ये जर्मनीत लाइपझिगला गेला. १९१४ मध्ये लंडनला होता, तिथे त्याला बेल्जियन कवी व्हेरहारेन भेटले. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. परतताना हाम्बुर्गला त्याला इंग्रजांचा हेर समजून पकडलं, मग सोडलं. (मी त्याला 'तो' म्हणते. मेला तेव्हा तीस वर्षांचा होता, माझ्या भाच्याएवढा. 'ते मिलेव्ह' असं माझ्या तोंडातून निघत नाही.)

२९ एप्रिल १९१७. दोइरान सरोवराजवळची आघाडी, तो बल्गेरियाच्या सैन्यात, समोर इंग्रज तोफखाना. त्या माऱ्यात त्याच्या डोक्याला जबर जखम झाली. उजवा डोळा गेला, कवटीचाही एक तुकडा गेला. बावीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी उपचारासाठी त्याला बर्लिनला नेलं. तिथे वर्षभर शस्त्रक्रिया चालल्या.

इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण हा माझा प्रांत आहे. त्या काळी अॅक्रिलिक नव्हतं. डोळा काचेचा असायचा आणि काचेच्या डोळ्यांचं माहेर म्हणजे जर्मनी. थुरिंगिया भागात लाउशा नावाचं गाव आहे, तिथे काच फुंकणाऱ्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला वाढवली. पांढऱ्या काचेची नळी ज्योतीवर धरायची, फुंकून लिंबाएवढा फुगा करायचा, त्यावर रंगीत काचेच्या काड्यांनी वितळवत वितळवत बुबुळ भरायचं, लाल काचेच्या केसाएवढ्या धाग्याने शिरा काढायच्या, आणि मग मागची बाजू आत दाबून वाटी करायची. सगळं गरम असतानाच. रंग चुकला तर पुसता येत नाही. आम्हाला ब्रश धुऊन पुन्हा बसता येतं, त्यांना ती मुभा नव्हती. तो डोळा आतून पोकळ असायचा, हातातून निसटून फरशीवर पडला की संपला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन डोळे मिळेनासे झाले, तेव्हा इतर देशांत अॅक्रिलिकचे डोळे बनू लागले. आज मी जे करते ते त्या टंचाईतून आलेलं आहे.

त्या बर्लिनमध्ये डोकं बांधलेला हा मुलगा स्वस्थ पडून राहिला नाही. तिथे तेव्हा एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार-कवींचा जोर होता. जग जसं दिसतं तसं उतरवायचं नाही, ते आत जसं कोसळतं तसं मांडायचं, असं मानणारे लोक. ज्याने जग एका क्षणात फुटताना पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागलं नसेल. युद्धानंतरच्या एका कवितेत तो म्हणतो, माझं डोकं म्हणजे रक्ताळलेला कंदील, काचा फुटलेला, वाऱ्या-पावसात, धुक्यात, मध्यरात्रीच्या शेतांत हरवलेला. मी ५०६ क्रमांकाच्या टेकडीखाली मरतो आणि बर्लिनमध्ये, पॅरिसमध्ये पुन्हा उठतो. हे वाचलं तेव्हा मी हातातला ब्रश खाली ठेवला. फुटलेल्या काचेचा कंदील. डोळा गेलेल्या माणसाला आतून कसं वाटतं हे सव्वीस वर्षांत मला शेकडो लोकांनी सांगायचा प्रयत्न केलाय. 'पोकळ वाटतं', 'थंड वाटतं', 'वारा आत जातो' असं म्हणतात. त्या सगळ्यांचं बोलणं मला त्या एका ओळीत ऐकू आलं.

१९१९ मध्ये मायदेशी परतून त्याने 'वेझ्नी' नावाचं मासिक काढलं. वेझ्नी म्हणजे तराजू. तीन वर्षं ते चाललं आणि युरोपातलं सगळं नवं त्यातून बल्गेरियनमध्ये आलं. तो स्वतः शेक्सपिअर, व्हेरलेन, ब्लोक, मायाकोव्स्की अनुवादित करत होता, चित्रांवर लिहीत होता, नाटकं बसवत होता. लोकगीतांच्या ओळी घेऊन त्यातून अगदी आधुनिक कविता उभ्या करत होता. एका लेखात त्याने म्हटलंय की तुकडा हाच आजच्या कलेचा खरा आकार. अखंड, गुळगुळीत काही उरलेलंच नाही, तेव्हा दोन तुकड्यांमधली जागा वाचणाऱ्याने भरावी. बायको मिला नटी होती. लेदा आणि बिस्त्रा या दोन मुली. फोटोत तो मुलींना घेऊन बसलाय आणि केस तसेच उजवीकडे.

मग देशातच आग लागली. जून १९२३ मध्ये शेतकऱ्यांच्या पक्षाचं सरकार लष्कराने उलथवलं, पंतप्रधान स्ताम्बोलीस्कींना हाल करून मारलं. सप्टेंबरमध्ये खेड्यापाड्यांतून उठाव झाला आणि तो अत्यंत क्रूरपणे चिरडला गेला. मिलेव्हने आता 'प्लामक', म्हणजे ज्वाला, हे मासिक सुरू केलं होतं. १९२४ मध्ये त्याच्या एका अंकात 'सप्टेंबर' ही दीर्घ कविता छापून आली. बारा भागांची.

ती मी पहिल्यांदा वाचली तीही सप्टेंबरातच. मासुंदा तलावाकडून विसर्जनाच्या ढोलांचा आवाज येत होता, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि मोबाइलवर मी वाचत होते. ओळी एकेका शब्दाच्या. शब्द पायऱ्यांवरून घरंगळल्यासारखे खाली खाली येतात. रात्रीच्या मेलेल्या गर्भाशयातून गुलामाचा युगानुयुगांचा संताप जन्माला येतो, अशी सुरुवात. मग माणसं निघतात, म्हातारी, तरणी, कळकट, अडाणी. हातात काठ्या, पराण्या, कुऱ्हाडी, विळे असतात. आणि त्या यादीच्या शेवटी सूर्यफुलं. मी परत मागे जाऊन वाचलं. होय, सूर्यफुलं. शेतकरी शेतातून उठून तसाच निघाला, हातात होतं ते घेऊन निघाला. एक शब्दही न समजावता त्याने ते आपल्याला दाखवलं. मागे पहाट होते आणि सूर्यफुलं सूर्याकडे बघतात. तेवढ्यात मशीनगन सुरू होतात.

त्यात एक धर्मगुरूही आहे, आंद्रेई नावाचा. तो खराखुरा होऊन गेला, मेद्कोव्हेत्स गावचा पाद्री. उठावात तो तोफेवर उभा राहिला. कवितेत शेवटचा गोळा उरतो तेव्हा तो तोफ वळवतो आणि ज्या चर्चमध्ये आयुष्यभर प्रार्थना म्हटली त्यावरच डागतो. मग त्याला टेलिग्राफच्या खांबाला लटकवतात. मी देवभोळी बाई आहे, रोज कौपिनेश्वराला हात जोडून दुकान उघडते. तो भाग मला आजही सहज वाचता येत नाही. पण तो गाळून ही कविता वाचणं हा त्या माणसाशी खोटेपणा होईल, म्हणून वाचते.

शेवटी तो म्हणतो, सप्टेंबर हा मे होईल. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी कळव्याची आहे. तिला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "ताई, मे झाला तर काय, घामच ना?" तिचं बरोबर होतं. आपला मे म्हणजे उकाडा, सुट्टी, आंबे, पाण्याचे टँकर. मग मी तिला तिकडच्या हिवाळ्याबद्दल सांगितलं. बर्फ वितळतो, चेरी फुलते, माणसं दारं उघडतात. ती म्हणाली, "म्हणजे आपला मृग." हो. सप्टेंबर हा मृग होईल. अनुवादकाला हे चालणार नाही, पण मी मनातल्या मनात तसंच म्हणते.

अंक जप्त झाला. कवीवर खटला भरला गेला. आपल्याकडे मर्ढेकरांवरही कवितांसाठी खटला झाला होता, अश्लीलतेचा, आणि ते निर्दोष सुटले. मिलेव्हचं तसं झालं नाही. मध्येच एप्रिल १९२५ मध्ये सोफियाच्या स्वेता नेदेल्या चर्चमध्ये अंत्यविधीच्या वेळी बॉम्बस्फोट झाला, दीडशेहून अधिक माणसं मेली. कम्युनिस्टांमधल्या एका गटाने तो घडवला होता. ते भयंकरच होतं. पण त्यानंतर सरकारी माणसांनी जे सुरू केलं त्यात ज्यांचा स्फोटाशी काडीचा संबंध नव्हता असे कितीतरी लोक रात्रीतून गायब झाले. १४ मे १९२५ रोजी कोर्टाने मिलेव्हला एक वर्ष कैद आणि वीस हजार लेव्हा दंड सुनावला. दुसऱ्या दिवशी पोलिसांचा माणूस घरी आला. 'थोडी चौकशी आहे' म्हणाला. मिलेव्ह त्याच्याबरोबर गेला आणि परत आला नाही. लेदा तेव्हा पाच वर्षांची होती.

घरच्यांना कुणी काही सांगितलं नाही. ना देह, ना कागद. वडील, बायको, मुली वाट बघत राहिले. १९५४ मध्ये, राजवट बदलल्यावर, त्या काळातल्या हत्यांचा खटला चालला. त्यात बाहेर आलं की सोफियाजवळ इलियेन्त्सी इथे माणसं मारून एका खड्ड्यात पुरली होती. खड्डा उकरला. हाडं एकमेकांत मिसळलेली, कोण कुणाचं सांगणार? एका कवटीत काचेचा डोळा होता.

एकोणतीस वर्षं. मातीत कातडं राहत नाही, कापड राहत नाही, कागद तर नाहीच. काच राहते. तिला कीड लागत नाही, ती गंजत नाही. कुण्या कारागिराने ज्योतीपुढे बसून फुंकलेली ती अंगठ्याच्या पेराएवढी वाटी जिथे बसवली होती तिथेच बसून राहिली आणि बाहेर आल्यावर तिने सांगितलं, हा गेओ मिलेव्ह. आज तो डोळा सोफियाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहे.

लोक माझ्या कामाला 'खोटा डोळा' म्हणतात. पेशंटसुद्धा म्हणतात. "ताई, खोटा डोळा किती दिवसांत मिळेल?" मीही म्हणायचे, रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. ही गोष्ट वाचल्यापासून मला तो शब्द तोंडात घ्यायला जड जातं. त्या खड्ड्याबाबत पोलीस खोटं बोलले, दप्तरं खोटं बोलली. खरं बोलणारा एकच साक्षीदार होता आणि तो 'खोटा' डोळा होता. त्याच्याकडून ऐकण्याइतकी वर्षं लेदाला मिळाली. ती पुढे स्वतः कवयित्री झाली, मुलांसाठी लिहिलं, दिवसभर खेळणाऱ्या पांढऱ्या सशाच्या पिल्लाची तिची कविता तिकडच्या लहान मुलांना पाठ असते. २०१३ मध्ये ती वारली.

तर नेरूळ. काकांचे डोळे घारे आहेत, म्हणजे माझी परीक्षाच. काळे म्हणतात ते डोळे मुळात तपकिरी असतात, ते बसतात लवकर. घाऱ्या बुबुळात मात्र राखाडी, मधासारखा पिवळा, हिरवट आणि कडेला एक निळसर कड असं सगळं असतं, आणि वयाबरोबर त्या कडेला दुधाळ वर्तुळ चढत जातं. माप मागच्या महिन्यातच घेतलं होतं, मेणाचा नमुना बसवून पाहिला होता. रंग भरायला काका मुलाच्या गाडीतून एकदा कसेबसे आले, सकाळी दहाच्या उजेडात खिडकीशी बसले. मी त्यांच्या डाव्या डोळ्यात बघत रंग भरत गेले, चाळीस मिनिटं. इतका वेळ कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नाही. मग लाल रेशमी धाग्याचे पदर सुटे करून चिमट्याने शिरा मांडल्या. नाकाकडच्या कोपऱ्यात त्यांची एक शीर नागमोडी आहे, ती तशीच मांडली.

यंदा मी आणखी एक गोष्ट केली. कवळ्यांच्या लॅबमध्ये आम्ही पेशंटचं नाव कवळीच्या आतल्या बाजूला पारदर्शक थराखाली घालायचो, अदलाबदल होऊ नये म्हणून. डोळ्यात तसं कधी केलं नव्हतं. मिलेव्ह वाचल्यापासून करते. शेवटचा पारदर्शक थर चढवण्याआधी, वरच्या कडेला, एका केसाच्या ब्रशने नावाची अक्षरं आणि जन्मसाल. पापणीखाली जातं, कुणाला दिसत नाही. पाण्यात उकळून थर पक्का झाला की ते कायमचं आत.

नेरूळला काकांनी जुना डोळा काढून ठेवला, नवा बसवला आणि आरशात बघत डावीकडे-उजवीकडे मान वळवली. मग म्हणाले, "अक्षरं कुठायत?" मी नवा डोळा पुन्हा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिलं. खूप वेळ बघत होते. मग आत जाऊन पिशवी घेऊन आले, पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि भिंग त्या फोटोतल्या केसांवर धरलं. काकूंनी चहा आणला होता, तो निवला.

निघताना त्यांनी जुना डोळा डबीत घातला आणि डबी पुस्तकाच्या पिशवीत ठेवली. जुन्या डोळ्यात अक्षरं नाहीत. म्हणाले, "ताई, याच्यातही घालता येतील का?" मी म्हटलं, थर कापावा लागेल, पण येतील. तो डोळा आता माझ्या टेबलावर, पाण्याच्या वाटीत आहे. उद्या सकाळी उजेड चांगला असेल तेव्हा करेन.